यशयाची शॉपिंग लिस्ट

पैंजण. कपाळावरची पट्टी. चंद्रकोरीची पदकं. कानातले डूल. हातातली कडी. तोंडावरचे झिरझिरीत पडदे. डोक्यावरचे साज. पायातल्या साखळ्या. कमरेचे शेले. अत्तराच्या कुप्या. ताईत. अंगठ्या. नथी. ठेवणीतले झगे. अंगरखे. शाली. बटवे. आरसे. तलम तागाचे कपडे. पागोटी. आणि शेवटी ओढण्या.

मोजून बघा. बरोबर एकवीस भरतात.

हा कुठल्या फेस्टिव्ह सेलचा कॅटलॉग नाही. ही यादी साधारण २७०० वर्षं जुनी आहे आणि ती बायबलच्या जुन्या करारात आहे. यशया नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात. यादी अर्थातच कौतुकाने केलेली नाही. मान ताठ ठेवून, डोळे मोडत, ठुमकत, पैंजण वाजवत रस्त्याने जाणाऱ्या यरुशलेमच्या बायकांना यशया सांगतोय, की हे सगळं एक दिवस काढून घेतलं जाणार आहे. अत्तराचा घमघमाट जाईल आणि कुजका वास उरेल. शेल्याऐवजी कमरेला दोरी येईल. केसांची एवढी निगुतीने केलेली रचना जाईल, डोकं भादरलेलं असेल. अंगावर गोणपाट.

वाचून पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? या माणसाला बायकांच्या कपाटातलं इतकं कसं माहीत!

थट्टा राहू दे. मी फ्रीलान्सर आहे आणि माझ्या घरभाड्यातला बराचसा भाग दागिन्यांवर लिहून निघतो. अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशी आणि लग्नसराई हे माझे तीन सीझन. ‘यंदा टेम्पल ज्वेलरी इन आहे’ छापाची वाक्यं मी झोपेतसुद्धा लिहू शकते. त्यामुळे एकवीस वस्तूंची यादी बघून मी एरवी नुसती हसले असते. पण यशयापर्यंत मी पोचले ते एका चमकीमुळे.

रात्री साडेअकराचा फोन

माझी एक मैत्रीण मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. तिच्या नाकात एक बारीकशी चमकी आहे, इतकी बारीक की ऊन पडलं तरच दिसते. आजीची आहे. आजी गेली तेव्हा घरात वाटण्या करण्यासारखं फार काही नव्हतंच, हिच्या वाट्याला चमकी आली.

तिचं लग्न ठरलं. मुलगा ख्रिस्तीच, पण त्यांची मंडळी वेगळी. तिथे बायका सोनं घालत नाहीत. गळ्यात नाही, कानात नाही, बोटात अंगठीसुद्धा नाही. पहिल्याच भेटीत तिथल्या एका वडीलधाऱ्या काकांनी अगदी प्रेमाने सांगितलं, “बेटा, ती नाकातली काढावी लागेल हं. यशया तीन, एकवीस वाच.”

रात्री साडेअकराला तिचा फोन.

“अगं, तू दागिन्यांवर लिहितेस ना? मग जरा बघून सांग. खरंच लिहिलंय का असं?”

“तू ख्रिश्चन आणि मला विचारतेस?”

“मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय ते, की वाचायला घेतलं तरी मला फक्त काकांचा आवाज ऐकू येतो. तू बाहेरून वाच.”

ही काही फालतू चौकशी नव्हती. लग्न तीन महिन्यांवर होतं. नाही म्हणावं तर नव्या घरात पहिल्याच दिवशी आगाऊ ठरायचं, हो म्हणावं तर आजी काढून ठेवायची. मी वाचायला बसले. आणि वाचताना सरळ तिसऱ्या अध्यायातल्या एकविसाव्या ओळीवर उडी मारायची नाही, असं ठरवलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली.

बूम चालू होता

यशया यरुशलेममध्ये बोलत होता तो काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाचा उत्तरार्ध. यहूदा हे डोंगराळ, छोटंसं राज्य. पण उज्जीया राजाच्या लांबलचक कारकिर्दीत तिथे चांगले दिवस आले होते. व्यापार वाढला, तटबंद्या झाल्या, शहरात पैसा खेळायला लागला. थोडक्यात बूम होता. साधारण इ. स. पू. ७४० मध्ये उज्जीया वारला आणि त्याच वर्षी आपल्याला बोलावणं आलं, असं यशया सांगतो. तिकडे उत्तरेला अश्शूरचं साम्राज्य एकेक राज्य गिळत पुढे सरकत होतं. इकडे पार्टी चालूच होती.

शेजारच्या इस्राएल राज्यातही हेच. यशयाच्या थोडा आधी आमोस नावाचा एक मेंढपाळ संदेष्टा तिथल्या हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर तुटून पडला होता. कुणाला वाटेल, रागाच्या भरात केलेली अतिशयोक्ती. पण विसाव्या शतकात शोमरोनला, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीत उत्खनन झालं, तेव्हा फर्निचरवर जडवायच्या कोरीव हस्तिदंती पट्ट्यांचे ढीगच्या ढीग सापडले. अतिशयोक्ती नव्हती. रिपोर्टिंग होतं!

यशयाच्या यादीतल्या वस्तूही हवेतल्या नाहीत. १९७९ मध्ये यरुशलेममधल्या केतेफ हिन्नोम या जागी पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बरकाय यांना खडकात खोदलेल्या थडग्यांमध्ये लुटारूंच्या नजरेतून सुटलेली एक खोली मिळाली. तिच्यात सोन्याचांदीचे दागिने होते, मणी होते आणि गळ्यात घालायच्या चांदीच्या दोन इवल्याशा सुरळ्या होत्या. सुरळ्या उलगडल्या तर आत बारीक अक्षरांत आशीर्वादाचे शब्द कोरलेले. म्हणजे चक्क ताईत. यशयानंतर सुमारे शंभर वर्षांनंतरचे, पण त्याच शहरातले. यादीतली अकरावी वस्तू आज इस्राएल म्युझियममध्ये काचेआड आहे.

आणि हिब्रू नावं तर काय सुंदर आहेत! अत्तराच्या कुपीसाठी जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘प्राणाचं घर’. एवढं सुंदर नाव मला एकाही परफ्यूमच्या जाहिरातीत सुचलेलं नाही. चंद्रकोरीच्या पदकांना जो शब्द आहे, तोच दुसऱ्या एका पुस्तकात मिद्यानी राजांच्या उंटांच्या गळ्यातल्या पदकांना वापरलाय. म्हणजे तेव्हाही एकच डिझाइन उंटाला आणि माणसाला चालायचं. फॅशनवर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यादीच्या आधीच्या दोन ओळी

आणि मग मला ते सापडलं.

काकांनी सांगितलेली ओळ एकविसावी. बायकांचा उतारा सुरू होतो सोळाव्या ओळीपासून. पण चौदा आणि पंधरा? तिथे कोर्ट भरलंय. देव स्वतः फिर्यादी म्हणून उभा आहे आणि आरोपी आहेत लोकांचे पुढारी आणि सरदार. आरोप सरळ आहे. द्राक्षमळा तुम्ही ओरबाडून खाल्लात. गरिबांकडून लुटलेला माल तुमच्या घरांत आहे. माणसांना तुम्ही भरडून काढताय.

आणि याच्या लगेच पुढची ओळ म्हणजे पैंजण वाजवत चालणाऱ्या बायका.

मधे काहीच नाही. म्हणजे ‘लुटलेला माल तुमच्या घरांत आहे’ असं म्हणून यशया थांबत नाही. तो त्या घराचं कपाट उघडतो आणि पंचनामा करतो. एक पैंजण, दोन पट्टी, तीन चंद्रकोर... एकवीस. मी जिला शॉपिंग लिस्ट समजत होते, ती जप्तीची यादी होती!

माल आला कुठून, हेही पुस्तकातच आहे. दोन अध्याय पुढे यशया घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर बरसतो. इतकं जोडायचं, की शेवटी दुसऱ्या कुणाला जागाच उरू नये. छोट्या शेतकऱ्याचं एक पीक बुडालं की कर्ज, कर्ज फिटलं नाही की जमीन गेली, जमीन गेली की मुलंबाळं दुसऱ्याच्या दारात राबायला. वरून सगळं कायदेशीर, कारण कायदे लिहिणारेही तेच. दहाव्या अध्यायात तो अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांनाही नाव ठेवून मोकळा होतो. पैंजणांचा आवाज त्याला का सहन होत नव्हता, हे यानंतर वेगळं सांगायला नको.

पुरुषांची यादी कुठे गेली?

आता एक गंमत. गर्वाची यादी फक्त बायकांचीच आहे का? नाही. एक अध्याय मागे जा. तिथे उंच आणि ताठ असलेल्या सगळ्या गोष्टी एक दिवस खाली आणल्या जातील, असं म्हणत यशया दुसरी यादी वाचतो. लबानोनचे गंधसरू, बाशानचे ओक, उंच डोंगर, प्रत्येक बुरूज, प्रत्येक तट, तार्शीशची गलबतं.

बुरूज म्हणजे टॉवर. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला याचं स्पष्टीकरण कशाला?

गंधसरूचं लाकूड महालांना लागायचं, गलबतं लांबच्या व्यापाराला. हे पुरुषांचे दागिने. फक्त ते नाकात घालता येत नाहीत म्हणून कुणी त्यांना दागिने म्हणत नाही. आणि शो-ऑफची सगळ्यात भारी गोष्ट या पुस्तकात आहे ती एका राजाचीच आहे. हिज्कीया. चांगला राजा, यशयाचं ऐकणारा. पण बाबेलहून पाहुणे आले तेव्हा त्याने त्यांना आपली सगळी तिजोरी फिरवून दाखवली. सोनं, चांदी, सुगंधी द्रव्यं, शस्त्रागार, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. ते गेल्यावर यशया आला आणि म्हणाला, हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल.

मग गेल्या दोन हजार वर्षांत प्रवचनं कशावर झाली? टॉवरवर? गलबतांवर?

दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियनने बायकांच्या नटण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने व्रतस्थ मुलींनी काय घालावं हे सांगताना थेट यशयाच्या याच उताऱ्याचा आधार घेतला. (तुमची श्रीमंती गरिबांना जाणवू द्या, त्यांच्यासाठी ती वापरा, हेही त्याने त्या मुलींना सांगितलं होतं. पण पुढे काय टिकलं? कपड्यांचे नियम.) फ्लॉरेन्समध्ये ७ फेब्रुवारी १४९७ रोजी सावोनारोला या धर्मगुरूच्या अनुयायांनी भर चौकात आरसे, सौंदर्यप्रसाधनं, भारी कपडे, वाद्यं, पत्ते यांची होळी केली. वर्षसव्वा वर्षात, २३ मे १४९८ ला, त्याच चौकात सावोनारोलाला फासावर चढवून जाळलं. कपाटं रिकामी करणं सोपं असतं. तिजोऱ्यांना हात लावला की प्रकरण वेगळं होतं, आणि सावोनारोला सत्ताधाऱ्यांवर, खुद्द पोपवरही बोलत होता.

तीच नथ, दुसऱ्या पानावर

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगत होते. ती म्हणाली, “ते ठीक आहे गं. पण नथ वाईटच ना? यादीत आहे म्हणजे आहे.”

मग आम्ही दोघींनी मिळून नथ शोधली. आणि ती भलत्याच ठिकाणी सापडली. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा चाकर इसहाकासाठी मुलगी बघायला जातो. विहिरीवर रिबका त्याला पाणी देते, त्याच्या उंटांनाही पाणी पाजते. तो तिच्या नाकात सोन्याची नथ घालतो आणि हातात दोन सोन्याच्या बांगड्या. तिथे ती नथ म्हणजे एका कष्टाळू, मायाळू मुलीचा मान आहे. यहेज्केलच्या पुस्तकात तर देव स्वतः यरुशलेमला, एका टाकून दिलेल्या मुलीच्या रूपात, न्हाऊमाखू घालतो, नटवतो आणि तिच्या नाकात नथ घालतो. शब्द तोच. आणि खुद्द यशयाच्या पुस्तकात, एकसष्टाव्या अध्यायात, आनंद कसा तर दागिन्यांनी नटलेल्या नवरीसारखा!

सोन्याचं वासरू झालं ते कानातल्या कुंड्यांचं. पण देवाच्या मंडपातलं पितळी गंगाळ घडलं तेही बायकांनी दिलेल्या आरशांचं. धातू बिचारा तोच असतो.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “म्हणजे माझ्या आजीची चमकी पंचनाम्यात येत नाही.”

“तुझी आजी कोण होती?”

“मिशनच्या दवाखान्यात आया.”

आम्ही दोघी हसलो. शेत जोडणाऱ्यांत काही ती नव्हती.

तरीही खटकतंच

इथे थांबून सगळं छान छान म्हणता येईल, पण मला ते जमणार नाही. एक बाई म्हणून हा उतारा वाचताना अंगावर काटा येतो. दोष पुढाऱ्यांचा आणि उघड्यावर आणायचं बायकांना? टक्कल, दोरी, डाग... बायकांची विटंबना इतक्या तपशिलात कशाला?

याची दोन उत्तरं मला मिळाली. दोन्ही अर्धीच पटली, पण सांगते.

एक म्हणजे, उताऱ्याच्या शेवटी ती बाई एक राहत नाही. तिच्या वेशी विलाप करतात. बाईला कुठून वेशी असणार? वेशी शहराला असतात. म्हणजे सियोनेची कन्या हे शहरच आहे आणि ते सगळं गमावून जमिनीवर बसलंय. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम पाडलं आणि वेस्पासियन बादशहाने विजयाची नाणी काढली, त्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली एक बाई आहे. तिच्याभोवती लिहिलंय: यहूदिया जिंकला. बाईच्या रूपात हरलेलं शहर, ही कल्पना जेत्यांनाही चांगली पाठ होती.

दुसरं उत्तर विसाव्या अध्यायात आहे. यशया तीन वर्षं उघडा आणि अनवाणी फिरला, असं तिथे लिहिलंय. युद्धकैद्यांना कसं नेतात हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. निदान जे दुसऱ्यांना सांगितलं ते त्याने आधी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवलं. गाडीच्या एसीत बसून साधेपणावर बोलणाऱ्यांपेक्षा हे बरं.

आणि ती शिक्षा कुणी कल्पनेतून रचलेली नव्हती. युद्धात हरलेल्या शहराचं हेच व्हायचं. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याने लाखीश शहर घेतलं आणि निनवेच्या आपल्या महालात त्याची शिल्पं कोरून घेतली. ती एकोणिसाव्या शतकात खणून काढली गेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत लाखीशच्या बायका दिसतात. लांब साधी वस्त्रं, डोक्यावरून खाली सोडलेली ओढणी, पाय अनवाणी, पाठीवर बोचकं. एकवीसपैकी उरली एक ओढणी.

यरुशलेम तेव्हा पडलं नाही, पण त्याची किंमत मोजावी लागली. खंडणीत ३० किक्कार सोनं गेलं. एक किक्कार साधारण ३० किलोचा, म्हणजे जवळजवळ ९०० किलो. बायबल आणि सन्हेरीबचा स्वतःचा शिलालेख, दोघंही सोन्याचा आकडा हाच देतात. हिज्कीयाला मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून काढावं लागलं. सन्हेरीबच्या यादीत सोन्याच्या पुढे आणखीही काही आहे: हस्तिदंती पलंग आणि राजाच्या मुली.

केडगावचे खिळे

हे सगळं मी मराठीत वाचत होते आणि वाचता वाचता एका जागी अडखळले. दागिने नाहीत, डोकं भादरलेलं, अंगावर जाडंभरडं वस्त्र. हे चित्र मराठी माणसाला नवीन आहे का? एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्राह्मण घरांतली विधवा अशीच तर असायची. केशवपन आणि लाल आलवण. कुठलंही युद्ध न हरता, कुठलंही शेत न लुटता.

पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात या विधवांची दशा जगापुढे मांडली. १८८९ मध्ये मुंबईत त्यांच्यासाठी शारदा सदन काढलं. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे विधवा होत्या, दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल छापून आलं, मुक्तीच्याच छापखान्यात. आणि खिळे जुळवायचं काम तिथल्या बायका करायच्या.

मला ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्यांच्या अंगावरचं सगळं समाजाने आधीच उतरवून घेतलंय, अशा बायकांच्या गावात कुणीतरी ही एकवीस वस्तूंची ओळ खिळा खिळा करून लावतेय. पैंजण. अंगठ्या. नथी. तिला यातला गर्व कुठे दिसला असेल? नथीत, की ती उतरवणाऱ्या हातात?

कोण कुठे बसतं

मैत्रिणीने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. काकांशी वाद घातला नाही. सरळ होणाऱ्या सासूबाईंना भेटायला गेली. एकटी.

सासूबाईंच्या अंगावर पंचवीसेक वर्षांत सोनं नाही. हिने विचारलं, “आई, तुम्ही का काढलंत?”

मला वाटलं होतं, त्या वचन सांगतील. त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाकडच्या मंडळीत ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका यायच्या आणि मागे, दारात, चपलांपाशी बसायच्या. कुणी त्यांना तिथे बसायला सांगितलं नव्हतं. पण पुढच्या रांगेत पाटल्या वाजायच्या, आणि पाटल्या वाजतात तिथे नुसत्या काचेच्या बांगड्या घालून कुणी बसत नाही. एका रविवारी सासूबाईंच्या सासूबाईंनी पाटल्या घरीच ठेवल्या. मग यांनी. मग आणखी दोघीतिघींनी. “सहाएक महिन्यांनी त्या बायका पुढे येऊन बसल्या बघ. त्यानंतर मला परत घालावंसं वाटलंच नाही.”

हे ऐकल्यावर माझ्याकडचा सगळा आठव्या शतकाचा अभ्यास जरा गप्प झाला. दागिने न घालण्याला मी आतापर्यंत बंदी म्हणून बघत होते. ते एखाद्याला जागा करून देणंही असू शकतं, हे कुठल्याच ग्रंथात इतक्या सोप्या शब्दांत नव्हतं.

मैत्रिणीने विचारलं, “मग आता सगळे एकत्र बसतात?”

सासूबाई हसल्या. “आता सोनं नाही. पण रविवारी बाहेर जाऊन बघ, कुणाची गाडी गेटजवळ लागते आणि कुणाची लांब.”

म्हणजे गर्व गेला नव्हता. नाकातून निघून पार्किंगमध्ये गेला होता.

आणि चमकी? त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आजीची आहे ना? राहू दे. तिच्यामुळे कुणी मागे जाऊन बसणार नाही.”

लग्न झालं. नवरीच्या अंगावर चमकी सोडून सोन्याचा कण नव्हता. हे तिने स्वतःहून ठरवलं, माहेरच्यांची थोडी समजूत काढावी लागली. काका आले होते, जेवले, आशीर्वाद देऊन गेले. नाकाकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. मी गेले होते कानात झुमके घालून. मंडपात कुणी मला मागे बसवलं नाही.

घडणावळ

आता माझ्या पोटापाण्याचं. मी दागिन्यांवर लिहिणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. मला झुमके आवडतात, त्यांच्यावर लिहायला आवडतं, आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

पण सराफाच्या बिलात एक शब्द असतो, घडणावळ. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी. आपण काउंटरवर घासाघीस करतो ती या घडणावळीवर, कारण भावावर करता येत नाही. ती कमी करून मिळाली की आपण खूश. ज्याने घडवलं त्याच्या हातात त्यातलं किती पडतं, हे मी इतकी वर्षं लिहितेय पण एकदाही कुणाला विचारलेलं नव्हतं. कुणी मला विचारायला सांगितलंही नव्हतं. मुंबईच्या झवेरी बाजारात वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांमध्ये पश्चिम बंगालमधून आलेले कितीतरी कारागीर काम करतात, अनेक जण तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. खालच्या शोरूममधल्या आरशात ते दिसत नाहीत.

यशयाने कपाट उघडून विचारलं होतं तो प्रश्न तसा साधा होता: हे आलं कुठून? तो फक्त दागिन्यांना लागू नाही. फोन, शूज, दहा मिनिटांत दारात येणारी भाजी, स्वस्तात मिळालेला कुर्ता, कशालाही लावून बघा. वस्तू परत करायची गरज नाही. उत्तर मात्र ऐकून घ्यावं लागतं.

पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या पुरवणीत मी एक चौकट मागितली आहे. ३०० शब्द, घडणाऱ्या हातांवर. संपादक म्हणाले, “विषय चांगला आहे. पण जाहिरात वाढली तर चौकट उडेल हं.”

मी तरीही परवा झवेरी बाजारात जाऊन आले. जिने फार अरुंद आहेत.